वायर वत्सलावहिनींनी कापली नाही

आमच्या आळीत अजून सांगतात की इंटरनेटची वायर वत्सलावहिनींनी कापली. नाही कापली. ती माझ्या माडाच्या झावळीखाली अडकली आणि माझ्या माणसाच्या कोयत्याने तुटली. मी तिथेच उभा होतो. हे सगळं मी मध्यंतरी ‘आपली आळी’ या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. दोन-तीन अंगठे आले. एकाने लिहिलं, ‘जाऊ दे काका, जुनी गोष्ट.’ त्याच्याखाली कुणीतरी ताज्या सुरमईचा फोटो टाकला आणि सगळी आळी सुरमईकडे वळली. म्हणून आता कागदावर लिहितो. कागद निदान वर सरकत नाही.

वत्सलावहिनी माझ्या शेजारीण. अलिबागहून काशीदकडे जाताना समुद्राच्या अंगाला आमची आळी लागते. घरामागे वाडी, वाडीत नारळ-पोफळी, आणि दोन वाड्यांच्या मध्ये नावापुरतं कुंपण. त्यांचे यजमान फार लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. अलिबागच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या. कानाला यंत्र लावायचं, समोरच्या फळ्यावर खुंट्या खोचायच्या आणि मुंबईचा ट्रंक कॉल गावाला जोडून द्यायचा, हे त्यांचं काम. म्हणजे अर्ध्या तालुक्याच्या सोयरिकी, भांडणं, नापास झालेली मुलं आणि पळून गेलेल्या मुली त्यांच्या कानावरून जायच्या. आमच्या आळीतल्या बायकांनी त्यांच्यामागे किती हात धुऊन लागावं. “सांगा की वहिनी, खोतांच्या मुलीचं ठरलं का?” वहिनी तांदूळ निवडत म्हणायच्या, “खोतांना विचारा. घर काही लांब नाही त्यांचं.”

या स्वभावाचा पहिला तडाखा मला एसटीत बसला. तेव्हा मीही अलिबागला कचेरीत होतो, संध्याकाळच्या एकाच गाडीने आम्ही परतायचो. एकदा त्या माझ्या शेजारच्या सीटवर बसल्या. मी त्यांना शेंगदाणे दिले, त्यांनी खाल्ले. वांग्याच्या रोपांबद्दल बोललो. मी कचेरीतला एक विनोद सांगितला, त्यावर त्या थोडं हसल्या. घरी पोचलो तर अंगणात माणसं जमलेली. दादरला माझा मामा वारला होता. मामेभावाने दुपारीच आळीतल्या दुकानाच्या फोनवर कळवलं होतं, आणि तो फोन वहिनींनीच जोडून दिला होता.

मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. शेवटी कुंपणापाशी गाठून म्हटलं, “एवढं शेजारी बसून एक शब्द नाही काढलात?”

“निरोप माझा नव्हता, भाऊजी.”

“मामा माझा होता ना?”

“हो. म्हणून तर शेंगदाणे घशाखाली उतरत नव्हते. तुम्ही देत होतात म्हणून घेत होते.”

कानावर आलेली दुसऱ्याची गोष्ट आपली होत नाही, असा त्यांचा हिशेब होता. त्याचीच दुसरी बाजू म्हणजे स्वतःची गोष्टही त्या कुणाला देत नसत. त्यांचा फोटो कुणाकडे नव्हता. लग्नकार्यात कॅमेरा आला की त्या पाणी वाढायला उठत. जन्मतारीख भावालाही धड ठाऊक नसावी. कुणी काही विचारलं की आधी प्रश्न यायचा, “तुला कशाला हवंय?” त्या प्रश्नात राग नसायचा. खरंच कशाला हवंय हे कळलं तर त्या सांगायच्याही. पण बहुतेकांना ते सांगता येत नसे, तिथेच सगळा घोळ व्हायचा.

अलीकडची एक गंमत सांगतो. तेव्हा गंमत वाटली नव्हती. त्यांना कुकरची रिंग हवी होती आणि मी अलिबागला चाललो होतो, म्हणून बरोबर आल्या. बाजारात नवीन झालेल्या चकचकीत दुकानात रिंग मिळाली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “मोबाईल नंबर सांगा.”

“रिंग कुकरला बसवायची आहे बाळ, मोबाईलला नाही.”

“बिल मोबाईलवर येतं काकू.”

“मग बिल नको.”

“नंबर टाकल्याशिवाय सिस्टीम पुढे जात नाही.”

“मग सिस्टीम इथेच असू दे. मी जाते.”

मागे रांग लागली होती. मी घाईघाईने माझा नंबर सांगितला. वहिनींनी रिंग काउंटरवर ठेवली आणि मला म्हणाल्या, “तुमचा नंबर तुम्ही हवा त्याला द्या. माझ्या रिंगेपायी नको.” त्यानंतर भर उन्हात आम्ही रिंग शोधत अख्खा बाजार पालथा घातला. शेवटी एका जुन्या भांडेवाल्याकडे मिळाली, आणि तीही एक नंबर लहान निघाली. मला मात्र त्या दिवसापासून कर्ज देणाऱ्यांचे, प्लॉट विकणाऱ्यांचे आणि टकलावर केस उगवून देणाऱ्यांचे फोन येतात. ते अजून चालू आहेत.

मग आमच्याकडे ब्रॉडबँड आलं.

आळीत घरोघर होमस्टे झाले होते. माझ्याही दोन खोल्या आहेत. पूर्वी पाहुणे विचारायचे, मासे ताजे आहेत का? आता पहिला प्रश्न असतो, वायफाय आहे का? तेव्हा आळीची कमिटी झाली आणि वयाने मोठा म्हणून मला अध्यक्ष केलं. केबलवाला नरेश फायबर आणायला तयार झाला. चाळिशीचा, दोन मुलांचा बाप, आणि स्कूटरवरून उतरताना नेहमी तोंडात पान. रस्त्याने वायर आणायची तर फार लांब पडत होती. सरळ रेषा वहिनींच्या वाडीतून जात होती, पोफळीवरून पोफळीवर. मी भीतभीत विचारायला गेलो, तर त्या एका वाक्यात हो म्हणाल्या. “खिळे ठोकायचे नाहीत, काथ्याने बांधा. झाडाला ताप नको.”

नरेशने खिशातून फॉर्म काढला. “काकी, तुमचंपण कनेक्शन टाकतो. आधार कार्ड द्या न् एक फोटो.”

“तुला कशाला हवंय?”

“मला न्हाय, कंपनीला.”

“कंपनी माझ्याकडे पाटावर जेवायला येणार आहे का?”

नरेशने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. वहिनींनी कनेक्शन घेतलं नाही. वायर मात्र त्यांच्या पोफळींवरून आमच्या घरांत गेली आणि त्यांनी कधी त्याचं ओझं दाखवलं नाही.

इंटरनेट म्हणाल तर त्याने जीव खाल्ला. घेतलं शंभर एमबीचं, यायचं कधी बारा, कधी चौदा. आभाळ भरून आलं की तेही नाही. नरेशला विचारलं तर म्हणायचा, “काका, तुमची भिंत आड येते.”

“भिंत कुणाच्या घराला नसते रे?”

“तुमची जांभ्याची हाय ना. जांभ्यातून न्हाय जात ते.”

बापजाद्यांनी जांभ्याची घरं बांधली ती आमचीच चूक. कंपनीला फोन लावला की एक बाई गोड हिंदीत सांगायची, राउटर बंद करके चालू कीजिए. मी दिवसातून इतक्या वेळा तो बंद-चालू केला की त्याचं बटणच आत गेलं. एकदा मुलीचा व्हिडिओ कॉल अडकला, पडद्यावर एक गोल फिरत राहिला. वहिनी लोणचं द्यायला आल्या होत्या. खांद्यावरून डोकावल्या. “हे काय फिरतंय?”

“लोड होतंय.”

“म्हणजे लाइन लागत नाही. ट्रंक कॉलच आहे की. फक्त खुंटी खोचणारं कुणी दिसत नाही.” आणि लोणच्याची बरणी ठेवून, माझ्या मुलीचा चेहरा पडद्यावर उमटायच्या आत त्या निघून गेल्या. दुसऱ्याचा फोन चालू असताना त्या खोलीत थांबत नसत.

हे सगळं चालून गेलं असतं. कॅमेरा आला आणि सगळं बिघडलं.

वाड्यांतून नारळ चोरीला जात होते, पाहुण्यांना गाड्यांची काळजी वाटत होती. कमिटीने कॅमेरा घ्यायचं ठरवलं. माझ्या कुंपणाच्या खांबावर तो बसवला. गाड्या दिसाव्यात म्हणून तो जसा लावला, त्यात अर्ध्या पडद्यावर गाड्या आणि अर्ध्यावर वत्सलावहिनींची ओटी आली. ओटी म्हणजे त्यांचा दिवस होता. तिथेच त्या भाजी चिरायच्या, केस विंचरायच्या, दुपारी पाय पसरून पडायच्या. आता कॅमेऱ्याचा पासवर्ड. तो आम्ही ग्रामदेवतेच्या नावाने ठेवला, पुढे एक-दोन-तीन, आणि सगळ्यांना सोयीचा व्हावा म्हणून ग्रुपवर टाकला. ग्रुपवर आळी आहे, तसे ठाण्याचे, पुण्याचे, मस्कतचे आळीकरही आहेत. त्या लोकांना तर घरबसल्या गाव सापडलं. डब्याच्या वेळी, ऑफिसातून, डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत ते आळी बघत बसायचे. ‘आज पारिजातक छान फुललाय.’ ‘दूधवाला उशिरा आला.’ ‘वत्सलाकाकूंनी तुळशीला पाणी घातलं नाही अजून.’ हे सगळं ग्रुपवर यायचं, मीही वाचायचो आणि मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. वहिनींकडे बटणांचा साधा फोन. त्या ग्रुपवर नव्हत्या.

त्यांना कळलं ते मंदामुळे. मंदा आमच्या आळीचीच लेक, ठाण्याला दिलेली, मनाने चांगली. तिने वहिनींना फोन करून विचारलं, “काकू, दुपारची गोळी राहिली का? आज पाणी घेऊन बाहेर आला नाहीत.”

वहिनी तडक माझ्याकडे आल्या. त्यांना त्याआधी आणि नंतर मी कधी धाप लागलेलं पाहिलं नाही.

“भाऊजी, तो डोळा फिरवा.”

“वहिनी, चोरीसाठी आहे तो. आणि तुमच्या ओटीवर लपवण्यासारखं आहे तरी काय?”

“तुम्ही पत्र लिहून पाकीट चिकटवता. आत चोरीचा माल असतो का?”

“आता पत्र कोण लिहितं?”

“तेच म्हणते मी,” त्या म्हणाल्या. “मंदाने काळजीने विचारलं, मला कळतं. पण आज मी गोळी घेतली की नाही हे ठाण्याला माहीत आणि मला माहीत नाही की ठाण्याला माहीत आहे. अशा घरात मी बसू कुठे?”

मी म्हटलं, बघतो. नरेशला सांगितलं. तो म्हणाला, “काका, अँगल फिरवला तं गाड्या न्हाय दिसणार. मंग कॅमेऱ्याचा उपेग काय?” मी म्हटलं, बरं. विषय संपवला. वहिनी चार वेळा आल्या, चारही वेळा मी ‘बघतो’ म्हणालो. कचेरीत आयुष्य गेलं. ‘बघतो’ म्हणायला मला श्रम पडत नाहीत.

मग त्यांनी स्वतःच उपाय काढला. कुंपणावरून वाकून, दोन्ही हात वर करून, रोज सकाळी त्या खांबावर एक जुनी गोधडी टाकायच्या. तिन्हीसांजेला काढून घ्यायच्या. पडद्यावर दिवसभर गोधडीची शिवण दिसायची. मंदाने त्यातलं एक चित्र धरून ठेवलं, गोधडी पडायच्या आधीच्या क्षणाचं, आणि ‘काकूंचा पडदा!’ असं लिहून ग्रुपवर पाठवलं. खाली हसरे चेहरे आले. होमस्टेवाले हसत नव्हते. “म्हातारी प्रगतीला आडवी येते,” असं माझ्याच अंगणात बसून बोलायला लागले. मी त्यांना चहा देत होतो.

दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या खोल्या भरल्या होत्या. तेव्हा मी माझ्या कुंपणावरच्या माडाचे नारळ उतरवायला माणूस बोलावला. वास्तविक ‘वायरीजवळ नारळ पाडायचे झाल्यास आधी नरेशला कळवणे’ हा नियम मीच ग्रुपवर टाकला होता. पण पाहुण्यांना शहाळी हवी होती, आणि माझ्याच नियमासाठी मी नरेशची वाट बघत बसणार नव्हतो. एक वाळकी झावळी खाली आली ती वहिनींच्या पोफळींमध्ये वायरीवर लोंबकळली. माणूस उतरला, झावळी सुटेना म्हणून त्याने कोयता मारला. झावळीबरोबर वायरही खाली आली. वहिनी विहिरीवर पाणी काढत होत्या. त्यांनी पाहिलं. मी त्यांना पाहिलं. “असू दे, जोडेल नरेश,” असं त्या माणसाला म्हणून मी शहाळी घेऊन घरात गेलो.

तासाभरात आळीत बोंब झाली. पुण्याचा एक पाहुणा लॅपटॉप डोक्यावर धरून अंगणात फिरत होता, जणू पाऊस झेलतोय. एकाची मीटिंग बुडाली, एकीच्या मुलाचं कार्टून बंद पडलं. कंपनीची बाई म्हणाली, राउटर बंद करके चालू कीजिए. नरेश नेमका म्हसळ्याला सासुरवाडीला गेलेला. तो संध्याकाळी आला, वायर तपासत तपासत वहिनींच्या वाडीत शिरला आणि तुटलेलं टोक हातात घेऊन बाहेर आला. झावळी तोवर माझ्या माणसाने सरपणाला नेली होती.

मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. जी बाई कॅमेऱ्यावर गोधडी टाकते तीच वायर कापणार. सगळे वहिनींच्या अंगणात जमले. अध्यक्ष म्हणून मला पुढे केलं. मी मागे सरकलो, तर माझ्या शेजारचा सुधाकर पुढे झाला. तिघा पाहुण्यांनी त्याची खोली सोडली होती.

“काकू, वायर तुम्ही कापलीत का?”

“विचारतोयस की सांगतोयस?”

“गोधडी तुम्हीच टाकता ना?”

“मीच टाकते.”

“मग वायर कुणी कापली ते तरी सांगा.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं, आणि थांबल्या. मला पुरेसा वेळ दिला. “ज्याला माहीत आहे तो सांगेल,” एवढं म्हणून त्या आत गेल्या.

मी बोललो नाही. आधी वाटलं गर्दी पांगली की सुधाकरला गाठून सांगू. मग वाटलं सुट्टी संपू दे. आणि खरं सांगायचं तर मला वहिनींचाच संताप येत होता. एकदा मोठ्याने ‘याने कापली’ म्हणाल्या असत्या तर मी नाही म्हटलं असतं, भांडण झालं असतं, मिटलं असतं. कुणाची गोष्ट कुणी सांगायची याचा तो मुलखावेगळा नेम त्या स्वतःची अब्रू जातानाही सोडेनात. आयुष्यभर त्या हट्टाने मला जेरीस आणलं आणि त्या दिवशी त्याच हट्टाने मला वाचवलं. दोन्हींचा राग अजून गेलेला नाही.

कमिटीने वायर त्यांच्या वाडीतून काढून रस्त्याने वळवली. स्पीड आणखी पडला. कॅमेरा खांबावर आणखी वर चढवला, गोधडी पोचणार नाही इतका. वहिनींनी पुढचं दार लावून घेतलं आणि मागच्या पडवीत राहू लागल्या, तिथे ऊन येत नाही. तुळशीला पाणी त्या पहाटे अंधारात घालायच्या. त्यांच्याकडे जाणं-येणं आळीने हळूहळू बंद केलं. पुढच्या मे महिन्याच्या आत त्या म्हसळ्याजवळ भावाच्या घरी राहायला गेल्या. जाताना मी पिशवी उचलायला पुढे झालो. “राहू दे भाऊजी, हलकी आहे,” म्हणाल्या. पिशवी जड होती.

त्यानंतर माझ्याकडे उतरलेल्या एका पाहुणीने तक्रार केली, की कॅमेऱ्यात तिच्या खोलीची खिडकी येते. नरेशने त्याच संध्याकाळी शिडी लावली आणि कॅमेऱ्याची मान फिरवून दिली. खाली उतरून म्हणाला, “झालं काका.” गाड्याही दिसत होत्या.

गेल्या पावसाळ्यात वहिनी गेल्याचं ग्रुपवर आलं. श्रद्धांजलीला फोटो हवा होता आणि फोटो कुणाकडेच नव्हता. मंदाने ते जुनं चित्र शोधून काढलं. गोधडी कापून टाकली, कोपऱ्यातली तारीख पुसली, भोवती फुलांची महिरप घातली. खाली हात जोडलेले आले. कुणी लिहिलं, ‘किती प्रसन्न!’ कुणी लिहिलं, ‘आशीर्वाद देताहेत जणू.’ मी ग्रुपचा ॲडमिन आहे, मी ते चित्र काढून टाकलं. ‘का काढलं काका?’ असे दहा जणांनी विचारलं. तोवर त्यांनी ते उतरवून घेऊन पुढे पाठवलंही होतं. आमच्या इंटरनेटला मुलीचा चेहरा दाखवायला अर्धा तास लागतो, हे मात्र क्षणात म्हसळ्याला पोचलं.

तेराव्याला त्यांच्या भावाकडे गेलो तर बाहेरच्या खोलीत तेच चित्र चौकटीत लावलेलं. चंदनाचा हार, खाली समई. कडेला कापायची राहिलेली गोधडीची पट्टी अजून दिसत होती. वहिनींचे दोन्ही हात वर, तोंड थेट समोर, भुवया आवळलेल्या, ओठ घट्ट मिटलेले. इतक्या जवळून आणि इतका वेळ मी त्यांच्या चेहऱ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पाहू दिलं नसतं.

त्यांची भाची शुभदा पाणी घेऊन आली. “आत्याचा दुसरा फोटोच नाही हो. हा कुणी काढला देव जाणे, पण अगदी समोरून आलाय. एवढ्या रागाने कुणाकडे बघतेय, तेच कळत नाही.”

“माझ्याकडे,” मी म्हणालो.

ती हसली. तिला वाटलं, म्हातारा माणूस, दुःखात काहीतरी बोलतो. “बसा ना काका,” म्हणून तिने खुर्ची ओढली, नेमकी त्या फोटोसमोर. मी बसलो आणि तिला झावळीपासून सांगायला सुरुवात केली.